पहिली गोधडी शिवताना

गोधडी शिवायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा टाक्यांबद्दल असतो. टाका केवढा घ्यायचा, ओळी सरळ कशा येतील, दोरा कुठला आणायचा. प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांची वेळ अजून यायची असते. गोधडी दहा वर्षं टिकणार की दुसऱ्या धुण्यात आतल्या आत गोळा होणार, हे सुईत दोरा ओवायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. कापड कुठलं निवडलं आणि ते जमिनीवर कसं अंथरलं, यावर सगळं आहे. टाका वेडावाकडा आला तर गोधडीचं काही बिघडत नाही, उलट तो कोणाचा हात हे पुढे ओळखता येतं. म्हणून या लेखात सुई बरीच उशिरा येणार आहे.

एक खुलासा आधीच करते. इथे आपण कापसाच्या रजईबद्दल बोलत नाही. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत, किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडे म्हणतात त्या वाकळेत, कापूस नसतोच. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की झाली गोधडी. ऊब येते ती थरांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे. म्हणून ती थंडीत पुरते आणि उन्हाळ्यात अंगाखालीही चालते.

कोणासाठी, ते आधी ठरवा

हे भावनेपोटी सांगत नाही, मापासाठी सांगते आहे. घरात जुन्या साड्यांचं गाठोडं सापडलं की हात शिवशिवतात आणि "एक मोठी डबल बेडची करू या" असं ठरतं. पहिल्यांदा शिवणाऱ्याने हे करू नये. कारण साधा गुणाकार आहे. साडेसात फूट बाय पाच फुटांच्या गोधडीत दोन ओळींमध्ये इंचभर अंतर धरलं, तरी धावदोऱ्याची एकूण लांबी सव्वाशे मीटरच्या पुढे जाते. नवा हात तासाला दोन-अडीच मीटर शिवतो. म्हणजे पन्नासेक तास. तेही एकेरी गोधडीचे. डबलचा हिशेब तुम्हीच करा.

त्यापेक्षा बाळाच्या दुपट्यापासून सुरुवात करा. ३० बाय ३६ इंच, तीन थर. शिवण २७-२८ मीटर होते, दहा-बारा तासांत हातावेगळं होतं, आणि त्यातच सगळ्या गोष्टी शिकून होतात. नात्यागोत्यात कुणाकडे ना कुणाकडे बारसं असतंच, त्यामुळे दुपटं पडून राहात नाही. नवजात बाळासाठी मऊ झालेलं जुनं सुतीच कापड वापरायची आपल्याकडची रीत अगदी व्यवहारी आहे: पन्नास वेळा धुतलेल्या लुगड्यात खळ उरत नाही आणि कडकपणाही. फक्त एक पथ्य पाळा. दुपटं बाळाला मांडीवर घ्यायला, खाली अंथरायला, जागेपणी खेळवायला वापरायचं. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण टाकून ठेवू नये, ते तोंडावर येऊ शकतं. आणि दुपट्यावर टिकल्या, मणी, बटणं, लटकणारे गोंडे काहीही नको.

म्हाताऱ्या माणसासाठी शिवत असाल तर वजनाचा विचार करा. सहा थरांची वाकळ अंगावर घेतली की छान दाबल्यासारखं वाटतं हे खरं, पण ऐंशीच्या आजीला रात्री कूस बदलताना ती उचलावी लागते. तिच्यासाठी तीन थर पुरे. होस्टेलवर जाणाऱ्या भाच्याला चार थर, गडद रंग, आणि चौकडा किंवा बारीक फुलं. वर्षात ती कितीदा धुतली जाणार ते आपल्याला ठाऊक आहे.

कापड

सुती. यावर माझी तडजोड नाही. घरात निघणाऱ्या जुन्या साड्यांत नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर बरंच असतं आणि ते फेकवत नाही, हे मला समजतं. पण असा एक थर जरी मधे घातला तरी तो घसरत राहतो, घाम शोषत नाही, आणि वरखालचं सूत धुऊन आटलं की हा जसाच्या तसा राहून आत चुण्या पडतात. कापड सुती आहे की नाही कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

पैठणी किंवा कुठलीही जरीची रेशमी साडी गोधडीत घालू नका. हे सांगितलं की लोक नाराज होतात, कारण आईची म्हणून तीच एक साडी जपून ठेवलेली असते. पण जर अंगाला टोचते, जुनं रेशीम घडीवर चिरतं, आणि घरी धुता येत नाही असं पांघरूण शेवटी कपाटात जाऊन बसतं. त्या साडीची उशीची खोळ करा, किंवा ती साडीच राहू द्या. गोधडीला आईच्या रोजच्या वापरातल्या साड्याच खऱ्या उपयोगाच्या.

सुती साडी हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे फॉल उसवणं. फॉल वेगळ्या कापडाचा, वेगळा आटणारा. तो राहिला तर गोधडीत एक ताठ पट्टा येतो. पिको केलेली टोकं कापून टाका. ब्लाउजपीस जोडलेला असेल तर तो नव्यासारखा असतो, ठिगळांसाठी बाजूला ठेवा. मग साडी खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरा. विरलेले भाग लगेच दिसतात: निऱ्यांचा भाग, बसायची जागा, खांद्यावर पिना लावून लावून चाळण झालेला पदर. आता संशयाची जागा दोन अंगठ्यांच्या मधे धरून आधी उभी आणि मग आडवी ताणा. काहीच झालं नाही तर ते कापड वरच्या थराला चालेल. धागे नुसते सरकले, जाळी पडली, तर मधल्या थरात घाला. चर्र आवाज करून फाटलं तर ते मधेही नको. त्याचं पायपुसणं होतं. जुनी बायकामंडळी लुगड्याचा विरलेला मधला भाग काढून टाकायची आणि चांगली दोन टोकं एकमेकांना जोडून दंड घालायची. दंड घातलेलं लुगडं पुढे आणखी वर्षभर नेसलं जाई आणि मगच त्याची पाळी गोधडीत जायची. आपणही तेच करायचं: विरलेलं कापायचं, चांगलं जोडायचं.

मधल्या थरांना धोतर, जुनी सुती चादर, पंचे, सुती कुर्ते, काहीही चालतं. जीन्स नको, तिच्या शिवणी फार जाड. टॉवेल नको, पाणी धरून ठेवतो. खालच्या थराला साडी पुरत नसेल तर मांजरपाट घ्या, पण तो कोरा असतो आणि चांगला आटतो. गरम पाण्यात दोनदा भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही.

सगळं कापड एकदा धुऊन, इस्त्री करून घ्या. खळ पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर पुढे कसर लागते. लाल, गर्द निळी, काळी साडी असेल तर पांढरी ओली चिंधी तिच्यावर घासून बघा. चिंधीवर रंग उतरला तर ती साडी तिच्यासारख्याच गडद रंगांच्या सोबतीने वापरा.

हिशेब

सुती साडीचा पन्हा (रुंदी) साधारण ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. साडीतून पाच फूट लांबीचे पट्टे कापा. दोन पट्टे काठाला काठ लावून जोडले की साडेसात फूट बाय पाच फुटांचा एक थर झाला. एका माणसाच्या गोधडीला हे माप उत्तम.

नऊवारी म्हणजे ९ वार, २७ फूट: पाच पट्टे निघतात आणि दोन फूट उरतात. हल्लीची साडेपाच मीटरची साडी म्हणजे १८ फूट: तीन पट्टे आणि तीन फूट शिल्लक. म्हणजे एक धड नऊवारी आणि एक धड सहावारी मिळून बरोबर आठ पट्टे, चार थर, एक गोधडी. प्रत्यक्षात विरलेला भाग वगळावा लागतो, म्हणून एक साडी हाताशी जास्त असू द्या. सिंगल बेडची ६० बाय ९० इंचाची जुनी चादर म्हणजे आयता एक थर, तिला कात्रीही लावावी लागत नाही. अशी चार थरांची गोधडी साधारण किलो-सव्वा किलो भरते.

काठ फार घट्ट विणीचा असेल तर तो कापून वेगळा काढा. साडीचं अंग आणि काठ वेगवेगळे आटतात आणि मग गोधडीला मधोमध लाट येते. काढलेला काठ वाया जात नाही, शेवटी चारी बाजूंनी त्याचाच गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावता येतो. इरकलीचा काठ तर गोटासाठीच बनवल्यासारखा वाटतो.

अंथरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आणि एकट्याने करू नका.

मोकळी जागा हवी. हॉलमधलं टीपॉय बाहेर काढा, लादी झाडून पुसून कोरडी करा. सर्वांत खालचा थर उलटा, म्हणजे चांगली बाजू लादीकडे, असा पसरा. समोरासमोर दोघांनी बसून तो ताणायचा आणि कडा चिकटपट्टीने लादीला चिकटवायच्या. ताणायचा म्हणजे चुणी जाईल इतकाच. तबल्यासारखा ताणला तर चिकटपट्टी काढल्यावर तो आक्रसतो आणि वरचे थर फुगतात. पूर्वी चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जड पितळी डबे ठेवायचे. आजही चालतात.

मधले थर टाकताना एक उभा, एक आडवा असे टाका, म्हणजे जोडाची शिवण जोडाच्या शिवणीवर येत नाही. दोन शिवणी एकावर एक आल्या तर तिथे सुई अडते आणि पाठीला ती गाठ टोचते. तुकडे जोडून थर करत असाल तर मधल्या थरात ते शिवायचीही गरज नाही. एकमेकांवर दोन बोटं चढवून ठेवले की पुरे, पुढे धावदोरा त्यांना धरतोच. प्रत्येक थर टाकला की तळहाताने मधून बाहेरच्या दिशेला हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चुणी हाताला लागते. लागली की थर तिथून उचला आणि पुन्हा टाका. "शिवताना बघू" असं म्हणू नका, शिवताना ती चुणी कायमची होते. मधले थर चारी बाजूंनी वरच्या-खालच्यापेक्षा अर्धा इंच कमी ठेवा.

शेवटी वरचा थर, चांगली बाजू वर. हाच दिसणार, म्हणून इथे तुम्हाला जी हौस करायची ती करा: पदर मधोमध ठेवा, खणाचे चौकोन लावा, मुलांच्या लहानपणीच्या झबल्यांची ठिगळं लावा. ठिगळाच्या कडा पाव इंच आत दुमडून आधी वरच्या थरावर शिवून घ्या, मगच तो थर अंथरा.

आता कच्चा दोरा. वेगळ्या रंगाचा, पटकन दिसेल असा घ्या. मध्यभागापासून सुरू करून चारी दिशांना, वितीवितीच्या अंतरावर, लांब लांब टाके घालत सगळे थर पकडा. उभ्या ओळी, मग आडव्या. सेफ्टी पिनांनीही भागतं, पण पिना मोजून लावा आणि मोजून काढा. या कामाला दोघांचे दोन तास सहज जातात. लादीवर वाकून कंबर धरते. तरीही हे एका बैठकीत संपवा, अर्ध्यावर सोडलं आणि मांजर किंवा नातू त्यावरून गेला की पहिल्यापासून सुरुवात.

आता सुई

दोरा सुती घ्या. जाड, पिळदार, रिळाचा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण तो जुन्या मऊ कापडापेक्षा इतका मजबूत असतो की ओढ बसली की कापड कापतो. सुती दोरा तुटला तर दोरा बदलता येतो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. दीड हातापेक्षा लांब दोरा ओवायचा मोह टाळा. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा असेल तर घरातल्या पोरांना कामाला लावा, त्यांचे डोळेही चांगले असतात आणि त्यांना तेवढ्यापुरतं महत्त्वही मिळतं.

सुई लांब आणि दणकट हवी. पोती शिवायचं दाभण नको, त्याने भोकं पडतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलायची धातूची टोपी) घाला. सुई वरून खुपसायची, डावा हात गोधडीच्या खाली. टोक खालच्या बोटाला लागलं की लगेच वर वळवायची. तीन-चार टाके सुईवर गोळा झाले की एकदम दोरा ओढायचा. खालच्या बोटाला पहिले दोन दिवस टोचतं, तिथे चिकटपट्टी गुंडाळा. कापडावर रक्ताचा ठिपका पडलाच तर तत्काळ थंड पाण्याने पुसा, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांत तेवढंच अंतर. सुरुवातीची गाठ वर ठेवू नका; दोरा हलका झटका देऊन ओढला की गाठ वरच्या थरातून आत जाते आणि पोटात लपते. शेवट करताना जागच्या जागी दोन उलटे टाके घ्या, सुई थरांच्या मधून विताएवढी पुढे नेऊन बाहेर काढा आणि तिथे दोरा कापा. दोरा ओढताना फार आवळायचं नाही. कापडाला बारीकशी लहर आली पाहिजे. ती लहर म्हणजेच गोधडीचं रूप, ती इस्त्रीने घालवायला जाऊ नका.

शिवायची दिशा दोन प्रकारची. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घालत आत आत जातात, शेवट मध्यभागी होतो. दिसायला हीच सर्वांत देखणी. पण बाहेरून आत शिवताना थरांतला सगळा ढिलेपणा मधे ढकलला जातो आणि कच्चा दोरा नीट नसेल तर शेवटच्या चौकोनात फुगा उरतो. म्हणून दुपटं शिवताना मधून सुरुवात करा: मधोमध एक सरळ ओळ, मग तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतराने ओळी, आणि कडा सगळ्यात शेवटी. मोठ्या गोधडीला हात बसल्यावर फेरे घ्या. फेऱ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे चार बाजूंना चार जणी बसू शकतात. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. पडू दे.

फेऱ्यात कोपरा वळताना सुई कोपऱ्यातच खाली रोवून ठेवा, गोधडी (किंवा स्वतःला) वळवा आणि मग पुढचा टाका घ्या, म्हणजे कोपरा गोल होत नाही. कोपऱ्यांवरून आठवलं: उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बाया अशाच जुन्या कापडांची पांघरुणं शिवतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. कोपरे रिकामे राहिले तर त्यांच्या लेखी पांघरूण पुरं झालेलंच नसतं. ही फुलं व्यवहारीही आहेत, कारण गोधडी सगळ्यात आधी कोपऱ्यांनाच झिजते.

कडा बंद करायच्या दोन तऱ्हा. वरचा आणि खालचा थर अर्धा इंच आत दुमडून समोरासमोर शिवा, किंवा गोट लावा. गोट लावलेली गोधडी जास्त टिकते. गोट मशीनवर लावलात तरी कोणी काही म्हणणार नाही. सगळी गोधडीच मशीनवर शिवू का, असं विचारतात. शिवता येते: १६ नंबरची सुई, टाका मोठा, ओळींत तीन-तीन इंच अंतर. पण साध्या मशीनखाली वरचा थर पुढे सरकत जातो, आणि मशीनची गोधडी अंगावर पडत नाही, उभी राहते. मी कडांपुरतंच मशीन वापरते.

आणि सुया मोजा. बसताना किती, उठताना किती. हरवलेली सुई गोधडीतच असते. लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती बाजूला ठेवू नका, दुपटं असेल तर कोणाच्या हातात तर मुळीच देऊ नका.

घरातल्यांत वाटताना

आई किंवा आजी गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं, यातून हल्ली कितीतरी गोधड्या निघतात. कल्पना चांगली आहे, पण कात्री लावण्याआधी सगळ्यांना विचारा. एखाद्या भावाला आईची साडी घडी घातलेली, तशीच हवी असते, आणि तो हे बोलून दाखवेलच असं नाही. कापल्यावर बोलेल. तेव्हा साड्या सगळ्यांसमोर पसरा, ज्याला जी अख्खी ठेवायची ती आधी बाजूला काढू द्या, उरलेल्यांतून गोधड्या.

वाटणी साडीवार करू नका, पट्ट्यांवार करा. समजा पाच साड्या आहेत आणि भावंडं तिघं. प्रत्येक साडीतून तीन पट्टे, एकेक प्रत्येकाला. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाचही साड्यांतला एकेक पट्टा येतो. दोन पट्ट्यांचा वरचा थर, दोनांचा खालचा, मधे ज्याच्या त्याच्या घरची जुनी चादर, आणि पाचवा पट्टा ठिगळांना आणि पुढच्या दुरुस्तीला. तिन्ही गोधड्या वेगळ्या दिसतात, पण रंग तेच. राहतो तो प्रश्न पदराचा. पदर साडीला एकच, भावंडं तीन. चिठ्ठ्या टाका, किंवा एकेका साडीचा पदर एकेकाला द्या. हे आधी ठरलं नाही तर त्यावरून शब्दाला शब्द लागतो, आणि तोही पदरासाठी नसतो.

शिवायला सगळ्यांनी बसायचं असेल तर दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी बघा. पहिल्या दिवशी अंथरणं आणि कच्चा दोरा तेवढा सगळ्यांनी मिळून करा, त्यालाच हात जास्त लागतात. शिवण पुढे ज्याने त्याने आपापल्या घरी पुरी केली तरी चालते. ज्याला शिवता येत नाही त्याने निदान एक ओळ शिवावी, अगदी जावयानेसुद्धा. शिवायला कोणालाच वेळ नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बाया बऱ्याच गावांत आणि शहरांत आहेत. कापड निवडून, मापात कापून, धुऊन त्यांच्याकडे द्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका. पन्नास तासांचा हिशेब वर दिलाच आहे.

एका कोपऱ्यात मागच्या बाजूला कोणाच्या साड्या आणि कोणतं साल, एवढं उलट्या टाक्याने शिवा. "कै. आईच्या साड्या" असं लांबलचक नको. नाव आणि साल पुरे. पुढच्या पिढीला निळ्या चौकड्याची साडी कोणाची हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

परदेशी पाठवायची असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत घालणं सगळ्यात बरं. सव्वा किलोला सहसा कोणी नाही म्हणत नाही. स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, हवा काढलेल्या पिशवीत घाला. पोचल्यावर लगेच बाहेर काढायला सांगा, महिनोन्महिने दाबून ठेवली तर घड्यांवर कापड चिरतं.

धुणं आणि डागडुजी

गोधडी देताना ही माहिती तोंडी द्यायची, नाहीतर घेणारा "खराब होईल" म्हणून वापरतच नाही. पहिलं धुणं इतर कपड्यांपासून वेगळं, थंड पाण्यात. मशीनमध्ये धुवायची तर तीही एकटीच, हलक्या फेऱ्यावर. हाताने धुताना पिळायची नाही. ओली गोधडी फार जड होते आणि पिळताना टाके तुटतात. पाणी निथळू द्या, मग दोन दोऱ्यांवर पसरून वाळत घाला. एकाच दोरीवर टाकली तर मधे ओढ बसते. कोरडी दिसली तरी आतला थर ओला असतो, म्हणून आणखी एक दिवस उन्हात ठेवा. पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत पडू नका, एप्रिल-मे मध्ये सगळ्या एकदम काढा. ठेवताना घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला.

वापरात वरचा थर आधी विरतो. भोक दिसलं की त्याच दिवशी ठिगळ लावा, बाजूला ठेवलेल्या पाचव्या पट्ट्यातून. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं, कडा आत दुमडून, आणि धावदोरा आरपार सगळ्या थरांतून. सगळाच वरचा थर गेला तर तो काढू नका. त्यावरच नवी साडी अंथरा, कच्चा दोरा घाला आणि पुन्हा शिवा. जुन्या गोधड्या अशाच जाड होत जातात. थर सात-आठ झाले आणि उचलवेना, की तिला पांघरुणातून काढून गादीवर अंथरा आणि पांघरायला दुसरी शिवायला घ्या.